दुर्बिणीचा आरसा : विकतचा आणि हातचा

घरच्या घरी दुर्बीण करावयाची तर आरसा कोणता घ्यावा, केवढा घ्यावा आणि त्याच्या जोडीला कोणती भिंगे निवडावीत, हा प्रश्न आकाशदर्शनाची गोडी लागलेला मनुष्य केव्हा ना केव्हा विचारतोच. वरवर पाहता हा प्रश्न दुकानदाराच्या गल्ल्यापाशी सुटण्यासारखा आहे. इंच सांगावेत, पैसे मोजावेत, वस्तू घरी आणावी. परंतु या निवडीमागे साडेतीनशे वर्षांचा इतिहास उभा आहे आणि त्यातील एक प्रकरण आपल्या पुण्यातच घडून गेले आहे. तो इतिहास आम्ही आज थोडक्यात सांगणार आहोत. तो ऐकल्यावर एक गोष्ट श्रोत्यांच्या ध्यानात यावी अशी आमची इच्छा आहे : आरसा निवडताना आपण एक वस्तू निवडतो हे खरेच, पण ती वस्तू करण्याची विद्या आपल्याजवळ राहणार की नाही, हेही त्याच वेळी ठरत असते.

प्रथम, आरसाच का, भिंग का नको, हे पाहू. प्रकाश भिंगातून आरपार जातो. म्हणून भिंगाची काच आतून निर्दोष लागते. तीत बुडबुडा नको, रेघ नको, ताण नको. शिवाय भिंग निरनिराळ्या रंगांचे किरण निरनिराळ्या ठिकाणी एकत्र आणते, म्हणून ताऱ्याभोवती रंगीत कडी दिसतात. तो दोष घालवण्यासाठी दोन जातींच्या काचांची दोन भिंगे जोडावी लागतात, म्हणजे एकूण चार पृष्ठभाग घासून नेमके करावे लागतात. आरशाचे तसे नाही. प्रकाश त्याच्या पाठीत शिरतच नाही. एकच पृष्ठभाग नीट साधला की काम झाले. सर्व रंगही एकाच ठिकाणी येतात. घरी काम करणाऱ्याला चारांऐवजी एकच पृष्ठभाग करावा लागतो, ही लहानसहान सवलत नव्हे.

ही कल्पना स्कॉटलंडच्या जेम्स ग्रेगरी याने १६६३ साली ग्रंथात मांडली. पण तसा आरसा घासून देणारा कारागीर त्याला मिळाला नाही आणि कल्पना कागदावरच राहिली. पाच वर्षांनी, १६६८ साली, न्यूटनने कारागिराची वाटच पाहिली नाही. त्याने स्वतः धातू ओतला, स्वतः घासला, स्वतः झिलई दिली. आरसा जेमतेम सव्वा इंचाचा आणि दुर्बीण वीतभर लांबीची. पण तिच्यातून गुरूचे उपग्रह दिसले. आरशाच्या दुर्बिणीचा जन्मच असा घरचा आहे. नळीत आडवा जाणारा प्रकाश बाजूला वळवण्यासाठी न्यूटनने जो लहान तिरपा सपाट आरसा बसवला, तोच आजही घरगुती दुर्बिणींत बसवला जातो.

तो धातू कोणता होता, हे सांगितल्यास आपल्या घरातील भगिनींना तो परका वाटणार नाही. तळपायाला तूप चोळावयाची जी काशाची वाटी असते, तिच्यात तांबे आणि कथील असते. आरशाच्या धातूतही तेच दोन. फक्त कथिलाचे प्रमाण अधिक, सुमारे तिसरा हिस्सा. त्यामुळे तो पांढरा, झळझळीत होतो, पण काचेसारखा ठिसूळही होतो. त्यात दोन मोठी वैगुण्ये होती. नवा असतानाही तो पडलेल्या प्रकाशाचा सुमारे दोन तृतीयांशच भाग परत देई. म्हणजे दोन आरशांनंतर निम्म्याहून कमी प्रकाश डोळ्यापर्यंत पोहोचे. दुसरे, दमट हवेत तो लवकर काळवंडे. पुन्हा झिलई द्यावी, तर घासताना त्याचा कष्टाने साधलेला आकार बिघडे. ज्याला आरसा करता येत होता त्यालाच तो टिकवता येत होता. विकत घेणाऱ्याची दुर्बीण काही वर्षांत अडगळीत पडे.

म्हणूनच या काळातील मोठी नावे ही स्वतः घासणाऱ्यांची नावे आहेत. जॉन हॅडली याने १७२१ साली सहा इंची आरसा नुसता गोलाकार न ठेवता योग्य त्या आकाराला आणून दाखवला. विल्यम हर्शेल हा तर व्यवसायाने संगीतकार. इंग्लंडमधील बाथ गावी तो गाणे-बजावणे शिकवी. त्याने आरशाची किंमत विचारली, ती त्याला परवडण्यासारखी नव्हती. तेव्हा गावातल्याच एका हौशी माणसाची जुनी हत्यारे त्याने विकत घेतली आणि १७७३ पासून घरातच भट्टी पेटवली. झिलई देताना हात थांबवता येत नसे, म्हणून त्याची बहीण कॅरोलिन त्याला घास भरवीत असे. अशाच एका सव्वासहा इंची आरशातून, घरामागच्या बागेतून, १३ मार्च १७८१ रोजी त्याला युरेनस दिसला. पुढे १८४५ साली आयर्लंडात लॉर्ड रॉस यांनी बहात्तर इंची धातूचा आरसा उभा केला. पण एका आरशाला झिलई देताना काम अडू नये म्हणून त्यांनाही आरशांची जोडी बाळगावी लागली. धातूच्या आरशाची मजल येथे संपली.

यापुढची क्रांती रसायनशाळेत झाली. काचेवर चांदीचा अतिशय पातळ थर रासायनिक रीतीने बसवता येतो, हे लीबिग या जर्मन रसायनज्ञाने दाखवले. १८५६-५७ च्या सुमारास जर्मनीत स्टाइनहाइल आणि फ्रान्समध्ये फूको यांनी त्याचा उपयोग दुर्बिणीच्या आरशासाठी केला. काच ही केवळ आकार धरून ठेवणारी बैठक झाली. प्रकाश परतवण्याचे काम चांदीचे. चांदी काळी पडली तर ती धुऊन काढावी, नवी चढवावी; खालच्या काचेचा आकार जसाच्या तसा राहतो. पुढे १९३० नंतर चांदीच्या जागी निर्वात पेटीत चढवलेला ॲल्युमिनियमचा मुलामा आला, तो अधिक टिकाऊ ठरला.

फूको यांची दुसरी देणगी याहून मोठी आहे. आरसा बरोबर झाला की नाही हे ओळखावयाचे कसे? दिव्यासमोर पत्र्यातले सुईएवढे छिद्र धरावे. त्यातून निघालेले किरण आरशावर पडून जेथे पुन्हा एका बिंदूत येतात, तेथे दाढीच्या पात्याची धार हळूच आडवी सरकवावी आणि डोळा पात्याच्या मागे ठेवावा. आरसा अचूक गोलाकार असेल तर तो सगळा एकदम, सारखा अंधारतो. कोठे उंचवटा वा खळगा असेल तर तेथे सावली पडते, आणि ती इतकी ठळक दिसते की आरशावर डोंगर-दऱ्या आहेत असे वाटावे. दिवा, पत्रा आणि पाते एवढ्या सामग्रीवर घरी बसून मिलिमीटरच्या लाखाव्या भागांत हिशेब करता येऊ लागला. अशी अचूकता पूर्वी हर्शेलसारख्या विरळ्याच्या बोटांत होती. आता ती शिकवण्याजोगी झाली.

आता पुण्याकडे येऊ. कावसजी दादाभाई नायगमवाला हे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवीत. १८८२ साली भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी पाच हजार रुपये दिले, सरकारने तितकीच भर घातली, आणि वर्णपटाच्या अभ्यासासाठी उपकरणे घेण्याचे ठरले. नायगमवाला विलायतेस गेले असता तेथील ज्योतिर्विदांनी त्यांना सल्ला दिला की, नुसती प्रयोगशाळा कशाला, वेधशाळाच उभारा. पुढे ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे जे पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून ओळखले गेले तेथे, आले आणि १८८८ साली तेथे महाराज तख्तसिंहजी वेधशाळा सुरू झाली. तिच्यात डब्लिनच्या ग्रब कंपनीची, चांदी चढवलेल्या काचेच्या आरशाची वीस इंची दुर्बीण होती. ती पुढे अनेक वर्षे देशातील सर्वांत मोठी दुर्बीण राहिली. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी नायगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे तळ ठोकून वेध घेतले, तेही याच वेधशाळेच्या बळावर.

एवढे वैभव पुण्यात होते. ते गेले कोठे? १९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद झाली. उपकरणे दक्षिणेत कोडाईकनालच्या वेधशाळेकडे रवाना झाली. वीस इंची दुर्बीण तेथेही दीर्घकाळ पडून राहिली आणि १९५१ साली भावनगर दुर्बीण या नावाने उभी राहिली. दोष कोणा एकाचा नव्हे. परंतु ती वेधशाळा एका माणसाच्या कर्तृत्वावर उभी होती, आणि तिचा आरसा समुद्रापलीकडून आलेला होता. माणूस बाजूला होताच आरसाही गेला, आणि मागे पुण्यात आरसा घासणारा हात उरला नाही, कारण तो तयारच झाला नव्हता.

येथे कोणी म्हणेल की, त्या काळी आपल्याकडे ती पात्रताच नव्हती. आम्हांस हे मान्य नाही. केरूनाना छत्रे यांची 'ग्रहसाधनाची कोष्टके' १८६० साली प्रसिद्ध झाली होती. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ १८९६ साली, म्हणजे वीस इंची आरसा पुण्यात असतानाच निघाला. गणिताची उणीव नव्हती. आणि कसबा पेठेतील तांबट आळीत, हातोडीच्या ठोक्यागणिक धातूचा बाक ओळखणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या काम करीत होती. हाताचीही उणीव नव्हती. उणीव होती ती या दोहोंची गाठ घालून देणाऱ्याची. गणित जाणणारा हात काळे करीत नव्हता, आणि हात चालवणाऱ्याला कोणी गणित सांगत नव्हते.

ही गाठ कशी पडते, याचे उदाहरण अमेरिकेत घडले. व्हरमाँट राज्यातील स्प्रिंगफील्ड गावी १९२० साली रसेल पोर्टर यांनी यंत्रांच्या कारखान्यातील कामगारांचा आरसे घासण्याचा वर्ग काढला. १९२५ पासून आल्बर्ट इंगल्स यांनी एका विज्ञानविषयक मासिकातून त्याची माहिती दिली आणि हजारो घरांत आरसे घासले जाऊ लागले. त्यानंतरचे नाव जॉन डॉब्सन यांचे. हे गृहस्थ १९४४ पासून १९६७ पर्यंत सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीत, म्हणजे रामकृष्ण संघाच्या मठात, संन्यासी म्हणून राहिले होते. जहाजाच्या खिडकीच्या टाकाऊ काचा घासून त्यांनी मोठे आरसे केले, प्लायवुडच्या साध्या पेटीवर ते बसवले, आणि १९६८ पासून पदपथावर दुर्बीण मांडून येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट चंद्र दाखवला. त्यांनी या पेटीचे कोणतेही हक्क राखून ठेवले नाहीत. जगभर लोक ती करतात.

पुण्यातही हा प्रवाह पुढे आला. २२ ऑगस्ट १९४४ रोजी येथे ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली; हौशी आकाशनिरीक्षकांची आपल्या देशातील ती सर्वांत जुनी संस्था समजली जाते. १९८८ साली जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली आयुका ही संस्था उभी राहिली, आणि तेथे विद्यार्थ्यांसाठी व शिक्षकांसाठी हाताने आरसा घासण्याच्या कार्यशाळा भरल्या. १९१२ साली जे तुटले होते त्याचा धागा येथे पुन्हा जुळला, आणि या वेळी तो एका माणसाच्या हाती नव्हे, तर अनेकांच्या हाती आला.

आता मूळ प्रश्नाकडे वळू : आरसा कोणता? पहिला नियम असा की, दुर्बीण किती पट मोठे दाखवते हे विचारू नये. आरसा किती रुंद आहे हे विचारावे. अंधारात माणसाच्या डोळ्याची बाहुली सुमारे सात मिलिमीटर उघडते. सहा इंची आरसा तिच्या सुमारे साडेचारशे पट प्रकाश गोळा करतो. मोठे करण्याचे काम नेत्रिका म्हणजे डोळ्याजवळचे भिंग करते, आणि तेथे लोभाला मर्यादा आहे : आरशाच्या दर इंचाला पन्नास पटींपलीकडे गेल्यास चित्र मोठे पण धूसर होते. सहा इंचाला तीनशे पट ही शेवटची हद्द. आपल्या हवेत बहुधा तिच्या निम्म्यावरच समाधान मानावे.

दुसरा नियम नाभीय अंतराचा. पहिल्या आरशासाठी जाणकार सहा इंच रुंदी आणि अठ्ठेचाळीस इंच नाभीय अंतर, म्हणजे रुंदीच्या आठपट, असे सुचवतात. यामागचे गणित सुंदर आहे. अशा आरशाचा मधला खळगा सुमारे १.२ मिलिमीटर खोल असतो. दूरच्या ताऱ्याचे किरण एका बिंदूत आणण्यासाठी खरा आकार गोलाचा नव्हे, तर अन्वस्ताचा लागतो. या दोन आकारांत काठाशी पडणारे अंतर मिलिमीटरच्या दहा हजार भागांपैकी अवघे तीन. नाभी योग्य जागी साधली की यातला चौथा हिस्साच दोष म्हणून उरतो. आणि लॉर्ड रॅले यांच्या कसोटीप्रमाणे चांगल्या आरशात तेवढी चूक, म्हणजे केसाच्या जाडीचा हजारावा भाग, चालून जाते. म्हणजे या मापाचा आरसा निव्वळ गोलाकार राहिला तरी तो नेमका उत्तीर्णांच्या रांगेत बसतो. त्याच नळीत आठ इंची आरसा बसवू म्हटले, तर प्रकाश पावणेदोन पट मिळेल; पण आकारातले अंतर तिपटीहून अधिक वाढेल आणि अन्वस्त साधल्यावाचून गत्यंतर नाही. पहिला आरसा सहा इंची असावा हे सांगण्यामागे केवळ काटकसर नाही. शिकणाऱ्याला यश मिळावे ही त्यामागची दृष्टी आहे.

गोलाकार साधतो कसा, याचेही कोडे नाही. जात्याच्या दोन तळ्यांप्रमाणे काचेच्या दोन चकत्या एकमेकींवर ठेवतात आणि मध्ये कार्बोरंडमची पूड व पाणी घालतात. फरक एवढाच की जात्याला मध्ये खुंटा असतो, येथे नाही. वरची चकती पुढे-मागे सरकवावयाची, थोडी फिरवावयाची, आणि स्वतःही टेबलाभोवती फिरत राहावयाचे. वरची खोलगट होत जाते, खालची फुगीर. कोणत्याही दिशेला सरकवल्या तरी एकमेकींना सर्वत्र चिकटून राहणारे वाकडे पृष्ठभाग फक्त गोलाचे. म्हणून गोलाकार आपोआप येतो. पूड क्रमाक्रमाने बारीक करीत जावे, शेवटी राळेच्या थरावर सिरियम ऑक्साइडने झिलई द्यावी. यंत्र लागत नाही, सबुरी लागते.

उरलेल्या वस्तूंत तिरपा आरसा मात्र विकत घ्यावा, कारण सपाट पृष्ठभाग करणे हे खोलगटापेक्षा कठीण आहे. सहा इंची दुर्बिणीस त्याची आखूड बाजू सव्वा ते दीड इंच पुरे. याहून मोठा घेतल्यास तो येणारा प्रकाशच अडवतो. नेत्रिका दोन असाव्यात : पंचवीस मिलिमीटरची, जी सुमारे एकोणपन्नास पट दाखवील, आणि दहा मिलिमीटरची, जी सुमारे एकशे बावीस पट दाखवील. पहिली तारकागुच्छ आणि तेजोमेघ यांसाठी, दुसरी चंद्र, गुरू आणि शनीची कडी यांसाठी. मुलामा बाहेरून चढवून घ्यावा आणि पावसाळ्याचे चार महिने आरसा कोरड्या डब्यात जपावा. सह्याद्रीच्या दमट हवेत त्याचा सर्वांत मोठा शत्रू धूळ नसून ओल आहे.

सह्याद्रीचे नाव निघाले, तेव्हा शेवटचा प्रश्न : ही दुर्बीण मांडावयाची कोठे? पुण्याच्या गच्चीवरून चंद्र आणि ग्रह दिसतील. पण मृगातील तेजोमेघाचे पंख पाहावयाचे तर काळोख हवा. त्यासाठी पिरंगुट, पौड यांवरून पश्चिमेस मुळशीकडे चाळीसेक किलोमीटर जावे. तेथील जलाशयाचा इतिहास आपणांस ठाऊक आहे. १९२१ साली तेथील शेतकऱ्यांनी सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली आपल्या जमिनींसाठी सत्याग्रह केला. तो १९२४ पर्यंत चालला. तरी धरण झाले, मावळातील गावे पाण्याखाली गेली, आणि १९२७ पासून ते पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात पडून मुंबईचे दिवे पेटवू लागले. दूरच्या शहराच्या उजेडासाठी ज्यांनी घरदार गमावले, त्यांच्या गावांवर रात्री आकाश मात्र काळेभोर राहिले.

आता तेही निर्वेध राहिलेले नाही. त्याच मुळशी तालुक्यात पूर्वेला हिंजवडी आहे. तिच्या आणि पुण्याच्या दिव्यांची झाक पूर्वक्षितिजावर चढलेली असते. आरसा कितीही निर्दोष घासला, तरी आकाशाचा हा उजेड त्याला गाळता येत नाही. दिव्यावर टोपी घालून त्याचा झोत जमिनीकडे वळवणे अवघड नाही, खर्चाचेही नाही. पण ते करावे असे वाटण्यासाठी काय गमावत आहोत हे लोकांनी एकदा तरी पाहिलेले असले पाहिजे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. ज्यांना ऐपत आहे त्यांनी दुर्बीण जरूर विकत घ्यावी. तीत कमीपणा नाही. परंतु प्रत्येक शाळेत, निदान प्रत्येक तालुक्यात, सहा इंची एक तरी आरसा तेथल्याच मुलांच्या हातचा असावा. काचेच्या दोन चकत्या, पुडींच्या सात-आठ पुड्या, आणि रोज तासभर याप्रमाणे काही आठवड्यांचे काम, एवढाच त्याचा खर्च. तो आरसा फुटला तर दुसरा करता येईल. शिकवणारा निवृत्त झाला तर शिकलेला पुढे होईल. वीस इंची आरसा पुण्यातून गेला तेव्हा त्याच्या जागी बसावयास असा सहा इंची आरसा येथे एकही नव्हता. ती वेळ पुन्हा येऊ न देणे आपल्या हाती आहे, आणि मुळशीच्या पौडमधील एखादी शाळा त्या कामाचा आरंभ पुण्याच्याही आधी करील, तर आम्हांस त्याचा आनंदच वाटेल.